अस्सल बाइटांचे वाचन

संगणकाच्या पडद्यावर आपण जे अक्षर, चित्र अथवा हिशेबाचा तक्ता पाहतो, ते त्या फाइलीचे कोणीतरी आपल्यासाठी लावून दिलेले वाचन असते. मूळ फाइलीत असते ती केवळ ० ते २५५ या संख्यांची एक अखंड रांग, आणि या रांगेतील कोणत्या संख्येस अक्षर मानावे, कोणत्या संख्येस रंग मानावे व कोणत्या संख्येस यंत्राने पाळावयाची आज्ञा मानावे, याचा निवाडा फाइल करीत नाही, ती उघडणारा प्रोग्रॅम करतो. हा निवाडा जेव्हा फसतो, अक्षरांच्या जागी चौकटी उमटतात किंवा शोध घेतलेला शब्द डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही, तेव्हा जाणते लोक सर्व मध्यस्थांना बाजूस सारून फाइलीचे अस्सल बाइट वाचावयास बसतात. या वाचनाची जी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांत वयाने आणि अधिकाराने ज्येष्ठ मानावे असे साधन म्हणजे युनिक्स प्रणालीतील ‘ओडी’ ही आज्ञा होय. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख धारण करणाऱ्या युनिक्सच्या पहिल्या नियमपुस्तिकेत तिची नोंद आहे. आणि अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, आजच्या कोणत्याही लिनक्स यंत्रावर ती आज्ञा दिली असता, ती आपले उत्तर त्याच जुन्या अष्टमान आकड्यांत देते. हे अष्टमान कोठून आले, ते टिकले कसे, आणि देवनागरी लिहिणाऱ्या आपणा लोकांना त्याचा काही विशेष उपयोग आहे काय, हे पाहण्यासारखे आहे.

युनिक्सच्या आधीच्या काळात प्रोग्रॅम अर्ध्यावर कोसळला म्हणजे यंत्राची स्मृती जशीच्या तशी कागदावर उतरवून घेण्याचा प्रघात होता. ती स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची असे. प्रत्येक कडीत एक बिट. या लाखो बिटांचा उतारा शून्य आणि एक अशा द्विमान रूपात छापला, तर कागदाचे ढीग पडावेत आणि वाचणाऱ्याची दृष्टी थकावी, सबब तीन-तीन बिटांचा एक गट करून त्याचा एक आकडा लिहिण्याची रीत पडली. तीन बिटांतून शून्य ते सात असे आठच आकडे संभवतात, म्हणून हे अष्टमान. त्यात नवे चिन्ह कोणतेही लागत नाही, छपाईच्या यंत्रावरील नेहमीचे आकडे पुरतात. शिवाय त्या काळच्या यंत्रांचे शब्द, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळीत असलेले बिटांचे समूह, तिनाने निःशेष भागले जात: आयबीएम ७०४ चा शब्द ३६ बिटांचा, पीडीपी-७ चा १८ बिटांचा, पीडीपी-८ चा १२ बिटांचा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसविण्यात आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्राचा शब्द ४८ बिटांचा होता, आणि तो बरोबर सोळा अष्टमान आकड्यांत मावत असे. अशा यंत्रांच्या सान्निध्यात वाढलेल्या पिढीला अष्टमान हे यंत्राच्या शरीररचनेशी जुळणारे स्वाभाविक लेखन वाटे, यात नवल नाही.

या व्यवस्थेस धक्का बसला तो ७ एप्रिल १९६४ रोजी, आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली तेव्हा. तिने आठ बिटांचा बाइट आणि बत्तीस बिटांचा शब्द प्रमाण मानला. आठाला तिनाने भाग जात नाही, चाराने जातो. म्हणून त्या यंत्रांच्या स्मृतीचे उतारे चार-चार बिटांच्या गटांनी, म्हणजे षोडशमानात, छापले जाऊ लागले, आणि नवाच्या पुढील सहा मूल्यांसाठी रोमन लिपीतील ए ते एफ ही अक्षरे आकड्यांच्या पंक्तीस येऊन बसली. पुढे जग बहुतांशी या षोडशमानाच्या बाजूने गेले. मग ओडीने अष्टमानाची कास का धरली?

याचे उत्तर न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत सापडते. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सची पहिली घडण केली ती पीडीपी-७ या १८ बिटांच्या यंत्रावर. आणि लवकरच ती प्रणाली पीडीपी-११ या नव्या यंत्रावर नेण्यात आली. पीडीपी-११ चा शब्द मात्र १६ बिटांचा, बाइट ८ बिटांचा. म्हणजे वरवर पाहता तेथे षोडशमानच शोभले असते. परंतु या यंत्राच्या आज्ञांची अंतर्रचना तीन-तीन बिटांच्या खणांची होती: नोंदस्थाने आठ, आणि त्यांच्याकडे पाहण्याचे प्रकारही आठ, त्यामुळे एकेका खणाला एकेक अष्टमान आकडा नेमका पुरे. ०१०२०३ ही संख्या घ्या. तीत ०१ म्हणजे ‘हलव’. पुढील ०२ म्हणजे दुसऱ्या नोंदस्थानातील मूल्य, आणि शेवटचे ०३ म्हणजे तिसऱ्या नोंदस्थानात. सवयीच्या माणसास ही संख्या पाहताक्षणी आज्ञा कळे. मध्ये कोणत्याही कोष्टकाची गरज नसे. तीच संख्या षोडशमानात लिहिली की खणांच्या सीमा पुसल्या जातात आणि अर्थ झाकला जातो. यंत्राच्या भाषेत विचार करणाऱ्या त्या लोकांनी अष्टमान निवडले ते परंपरेच्या प्रेमाने नव्हे, वाचनाच्या सोयीने निवडले.

सोय एका बाजूस झाली तेव्हा दुसऱ्या बाजूस गैरसोय झाली, हेही सांगितले पाहिजे. सोळा बिटांचे तीन-तीन गट पाडले असता एक बिट डावीकडे एकटाच उरतो, आणि दोन बाइटांची सीमा एका अष्टमान आकड्याच्या मधोमध पडते. त्यातच पीडीपी-११ शब्दातील धाकटा बाइट आधी ठेवी. एखाद्या फाइलीत इंग्रजीची ए आणि बी ही दोन लहान लिपीतील अक्षरे लागोपाठ असली, तर त्यांची अष्टमान मूल्ये सुटी पाहता अनुक्रमे १४१ आणि १४२ अशी आहेत. पण ओडीस नुसते विचारले तर ती दोन्ही बाइटांचा मिळून एक शब्द करून ०६११४१ असे छापते. त्यातील १४१ उजवीकडे ओळखू येते, पण १४२ निम्मे होऊन ०६१ झालेले असते, आणि अनभिज्ञ वाचकास आपले दुसरे अक्षर कोठे गेले याचा थांगपत्ता लागत नाही. आजचे बहुतेक घरगुती संगणकही धाकटा बाइट आधी ठेवणारेच असल्यामुळे हा प्रकार आजही जसाच्या तसा अनुभवास येतो. नवशिक्याने म्हणूनच आरंभापासून ‘-सी’ हा पर्याय जोडून ओडी चालवावी हे उत्तम. मग प्रत्येक बाइट स्वतंत्र छापला जातो, छापण्याजोगे अक्षर असेल तर अक्षर, नसेल तर त्याचे तीन आकडी अष्टमान मूल्य.

ओडीच्या सामर्थ्याचे खरे मूळ मात्र आकड्यांच्या पद्धतीत नाही. ते युनिक्सच्या एका मूलभूत निर्णयात आहे, आणि माझ्या मते संगणकाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका दूरगामी निर्णय विरळा. आयबीएमच्या तत्कालीन प्रणालीत फाइल निर्माण करतानाच तिची नोंद स्थिर लांबीची की चल लांबीची, एका नोंदीत बाइट किती, नोंदींचा एक गठ्ठा किती मोठा, हा सारा तपशील कामाच्या फर्मानपत्रात लिहून द्यावा लागे, आणि एका तऱ्हेची फाइल दुसऱ्या तऱ्हेच्या फाइलीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला वाचता येईलच अशी शाश्वती नसे. थॉम्प्सन आणि रिची यांनी ही सर्व वर्गवारी मोडीत काढली. फाइल म्हणजे बाइटांची रांग. तिच्या रचनेविषयी प्रणालीची कोणतीही अपेक्षा नाही. अर्थ लावावयाचा तो प्रोग्रॅमने लावावा. हे तत्त्व त्यांनी १९७४ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात विदित केले. या तत्त्वाचा परिणाम असा झाला की पत्र, प्रोग्रॅम, हिशेब, इतकेच नव्हे तर फाइलींची सूची, यांपैकी कशासही एकच लहानशी आज्ञा लावून तिचे अंतरंग पाहता येऊ लागले. जेथे फाइलींच्या जाती असतात, तेथे प्रत्येक जातीसाठी निराळे भिंग लागते. जेथे जातीच नाहीत, तेथे एक भिंग पुरते.

प्रणालीने जाती मानल्या नाहीत, तरी प्रोग्रॅमांना एकमेकांची ओळख पटविण्याची निकड होतीच, आणि ती ओळख फाइलीच्या पहिल्या काही बाइटांत ठेवण्याची चाल पडली. युनिक्सच्या कार्यवाह फाइलीचा पहिला शब्द ०४०७ असे. ही संख्या यदृच्छेने निवडलेली नव्हती: पीडीपी-११ च्या भाषेत ती ‘पुढील सात शब्द ओलांडून उडी घे’ अशी खरीखुरी आज्ञा आहे. फाइलीच्या शिरोभागी आठ शब्दांचे मथळापत्र असे, त्यातला हा पहिला शब्द. त्यामुळे संपूर्ण फाइल जशीच्या तशी स्मृतीत उतरवून पहिल्या शब्दापासून यंत्र चालू केले, तरी ते मथळा ओलांडून थेट खऱ्या प्रोग्रॅमच्या आरंभी पोचत असे. म्हणजे एकच संख्या ओळखीचा शिक्काही झाली आणि वाटाड्याही. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत ‘फाइल’ नावाची आज्ञा आढळते, ती याच शिक्क्यांवरून फाइलीचा प्रकार ताडून सांगते.

या शिक्क्यांच्या घडणीत पुढे किती विचार ओतला गेला याचा एक नमुना जवळून पाहण्याजोगा आहे. १९९६ साली प्रमाणित झालेल्या पीएनजी चित्रफाइलीचे पहिले आठ बाइट अष्टमानात असे: २११ १२० ११६ १०७ ०१५ ०१२ ०३२ ०१२. पैकी दुसरा, तिसरा आणि चौथा म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. बाकीचे पाच हे पहारेकरी आहेत. पहिल्या २११ चा सर्वांत वरचा बिट एक आहे, म्हणून फाइल सात बिटांच्या एखाद्या अपुऱ्या मार्गाने आली असल्यास तो बदलतो आणि लबाडी उघडी पडते. ०१५ ०१२ ही डॉस या प्रणालीच्या पद्धतीची ओळ संपविणारी जोडी. फाइलीस मजकूर समजून कोणी ओळींची टोके बदलली असली तर ही जोडी तुटते. ०३२ पाशी डॉसची मजकूर दाखविणारी आज्ञा थांबते, त्यामुळे पुढील चित्राचा गोंधळ पडद्यावर सांडत नाही. आणि अखेरचा एकाकी ०१२ हा उलट दिशेने झालेल्या फेरफाराची साक्ष देतो. फाइल कोठे बिघडली हे या आठ बाइटांवरून ओडीच्या पहिल्या ओळीतच कळते. ज्यांनी ही रचना केली त्यांना अस्सल बाइट वाचणाऱ्या माणसाची आठवण होती, असे मला नेहमी वाटते.

ओडीचा एक अप्रत्यक्ष ठसा अशा ठिकाणी उमटला आहे, की तो रोज पाहणाऱ्यांनाही त्याचा उगम ठाऊक नसतो. स्टीव्ह बोर्न यांनी रचलेला आज्ञाभाषेचा कवच-प्रोग्रॅम १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाला. त्यात ‘इफ’ने उघडलेला खंड त्याच अक्षरांच्या उलट क्रमाने, ‘एफआय’ने मिटतो, ‘केस’चा खंड ‘ईएसएसी’ने मिटतो, अल्गॉल ६८ या भाषेची ही रीत. त्याच न्यायाने ‘डीओ’ने उघडलेला खंड ‘ओडी’ने मिटावयास हवा होता. पण ते नाव आधीच बाइट दाखविणाऱ्या आज्ञेच्या नावे रुजू झालेले होते, म्हणून तेथे ‘डन’ हा शब्द योजावा लागला, आणि ती विसंगती आजतागायत कायम आहे.

‘कॅट’ या आज्ञेवरून झालेला वादही येथे नमूद केला पाहिजे. तिचे काम फाइली एकापुढे एक जोडून देणे हे. पण छापता न येणारे बाइट असलेली फाइल तिच्याकरवी पडद्यावर ओतली, तर त्यांतले काही बाइट पडद्याला नियंत्रणाच्या आज्ञा वाटतात आणि पडद्याची भाषाच बिघडून बसते. बर्कली विद्यापीठातील मंडळींनी यावर तोड म्हणून कॅटला ‘-व्ही’ हा पर्याय जोडला, जेणेकरून अदृश्य बाइट दृश्य खुणांनी दाखविले जावेत. बेल प्रयोगशाळेतील रॉब पाइक यांनी १९८३ साली एका व्याख्यानात या जोडकामावर कडाडून टीका केली, आणि पुढल्या वर्षी ब्रायन कर्निगन यांच्यासह ग्रंथात व निबंधात असा पक्ष मांडला की जोडणाऱ्याने जोडावे, दाखविणाऱ्याने दाखवावे, दोन कामांसाठी दोन आज्ञा असाव्यात. व्यवहारात बर्कलीचा पक्ष जिंकला, कारण तो पर्याय आज सर्वत्र आहे. तथापि तत्त्वतः पाइक यांचेच म्हणणे मला ग्राह्य वाटते. अस्सल पाहावयाचे असेल तेव्हा दाखविणारे साधन स्वतः काही लपवीत नाही व काही सजवीत नाही, याची खात्री हवी. ती खात्री ओडी देते, कारण तिला दुसरे कोणतेही काम दिलेले नाही.

पुढील साधनांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. डॉस प्रणालीत ‘डीबग’ ही आज्ञा होती, आणि १९८६ साली लाहोरहून निघालेला ‘ब्रेन’ हा संगणक-विषाणू शिरलेल्या लवचीक तबकडीच्या आरंभ-विभागातील बाइट ज्यांनी वाचून पाहिले, त्यांना तेथे त्याच्या कर्त्यांची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक स्वच्छ इंग्रजी अक्षरांत आढळले. बर्कलीच्या परंपरेतून षोडशमानात दाखविणारी ‘हेक्सडंप’ आली. युर्गेन वाइगर्ट यांनी १९९० साली लिहिलेली ‘एक्सएक्सडी’ ही विम संपादकाबरोबर सर्वदूर पोचली. तिचा विशेष हा की ती आकड्यांचा उतारा उलट फिरवून पुन्हा फाइल बनवू शकते. १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणात ओडीचेही षोडशमान, दशमान असे सर्व प्रकार प्रमाणित झाले. एवढे होऊनही तिचे मूळ उत्तर अष्टमानच राहिले, आणि तरुण अभियंते त्याकडे कालबाह्य अवशेष म्हणून पाहू लागले.

हा समज देवनागरीपुरता तरी टिकत नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खाणावळीत रॉब पाइक यांच्या समक्ष, ताटाखालच्या कागदावर, केन थॉम्प्सन यांनी यूटीएफ-८ या लेखनपद्धतीचा आराखडा मांडला. म्हणजे ज्यांनी फाइलीस बाइटांची रांग ठरविले, त्यांनीच जगातील सर्व लिप्यांना त्या रांगेत बसविले. या पद्धतीत बहुबाइटी अक्षराच्या पहिल्या बाइटामागून येणाऱ्या प्रत्येक बाइटात वरचे दोन बिट खुणेचे आणि खालचे सहा बिट अर्थाचे असतात. आणि सहा बिट म्हणजे अगदी बरोबर दोन अष्टमान आकडे! एका फाइलीत ‘मराठी’ एवढाच शब्द लिहून ओळ संपवावी आणि लिनक्सवर तिला ओडी ‘-सी’ पर्यायासह लावावी. उत्तरादाखल ३४० २४४ २५६, ३४० २४४ २६०, ३४० २४४ २७६, ३४० २४४ २४०, ३४० २४५ २०० असे पंधरा बाइट आणि अखेरीस ओळ संपल्याची खूण, असे सोळा बाइट बरोबर एका ओळीत येतात. आता वाचणे सोपे आहे. तीनपासून आरंभ होणारा आकडा म्हणजे नवे अक्षर सुरू झाले. दोनपासून आरंभ होणारा म्हणजे आधीचेच चालू आहे. दोन्ही मागील बाइटांतील आरंभीचा २ काढून टाकला की ‘म’चे ४४५६ आणि ‘र’चे ४४६० हे युनिकोड क्रमांक अष्टमानात साक्षात समोर उभे राहतात, दशमानात ते २३५० आणि २३५२ होत. षोडशमानात हीच सीमा आकड्याच्या मध्ये पडते आणि बेरीज-वजाबाकी केल्यावाचून क्रमांक हाती लागत नाही. पीडीपी-११ च्या आज्ञांसाठी निवडलेले अष्टमान आपल्या अक्षरांना इतके चपखल बसावे, हे ज्यांना ठाऊक आहे ते ओडीच्या जुन्या सवयीस दोष देणार नाहीत.

या वाचनाची मराठीला किती गरज आहे, याचे उदाहरण ‘दऱ्या’ या शब्दात आहे. त्यातील अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे ३४० २४४ २६१, आणि त्यापुढे हलन्त. दुसरीत साधा ‘र’, म्हणजे ३४० २४४ २६०, त्यापुढे हलन्त आणि त्याहीपुढे ३४२ २०० २१५ हे तीन बाइट, जे एका अदृश्य जोडचिन्हाचे आहेत. पडद्यावर दोन्ही शब्द एकरूप दिसतात. पण पहिला पंधरा बाइटांचा आणि दुसरा अठरा बाइटांचा असतो, आणि एक शोधणाऱ्यास दुसरा सहसा सापडत नाही. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही हे दोन एक होत नाहीत. तसाच प्रकार युनिकोडपूर्वीच्या अक्षरजुळणीच्या फाइलींचा. त्यांतल्या पुष्कळ फाइलींत देवनागरीचा एकही संकेत नसतो. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संख्यांवर टंकातील देवनागरी आकार चढविलेले असतात, आणि तो टंक नाहीसा झाला की मजकूर निरर्थक भासतो, वस्तुतः तो नष्ट झालेला नसतो. काही फाइली १९९१ च्या भारतीय प्रमाणातील इस्की संकेतांत असतात, जेथे प्रत्येक वर्णास १२७ च्या पुढचा एकच बाइट आहे. या शेवटच्या दोन्ही तऱ्हा नुसत्या डोळ्यांना एकसारख्याच दुर्बोध वाटतात. ओडीच्या दोन ओळींत त्या परस्परांपासून स्पष्ट वेगळ्या होतात.

ज्या ग्रंथालयांनी, नियतकालिकांनी आणि प्रकाशकांनी गेल्या तीन-चार दशकांतील मराठी मजकुराच्या फाइली जतन केल्या आहेत, त्यांना माझी विनंती अशी की नव्या रूपांतरानंतर मूळ फाइल टाकून देऊ नये, आणि रूपांतर करण्यापूर्वी प्रत्येक संग्रहातील निदान एका फाइलीचे आरंभीचे बाइट ओडीने पाहून, ती कोणत्या संकेतातील आहे याचा शेरा तिच्यासोबत लिहून ठेवावा.